गुरुवारची शेवटची पंधरा मिनिटं

फोन आला तेव्हा मी साडेसात हॉर्सपॉवरच्या मोटारीत तार भरत होतो. तार भरताना मी फोन घेत नाही, वेढे चुकतात. पण तो वाजून थांबला आणि लगेच पुन्हा वाजला, म्हणून घेतला.

"हणमंतभाऊ, घरी या," शेजारच्या माळीवहिनी म्हणाल्या. "शशीताई ओट्यापाशी पडल्यात. हाक मारली तर बोलत न्हाईत."

विट्यात आमच्या दुकानापासून घर मोटारसायकलवर चार मिनिटं. मी पोचलो तोवर माळीभाऊंनी तिला रिक्षात घातलं होतं. मी मागून गेलो. दवाखान्यातला डॉक्टर आमच्या लेकीच्या, सारिकाच्या वयाचा होता. त्यानं मला बाजूला घेतलं, चष्मा काढला आणि पुन्हा घातला.

"काका, इथं आणण्याआधीच गेल्या होत्या. हार्ट बंद पडलं."

"मग आता काय करायचं?" मी विचारलं.

मला वाटतं मी तेच पुन्हा विचारलं.

मी व्हरांड्यात येऊन उभा राहिलो. हाताला अजून तारेच्या वार्निशचा वास होता. पाय जमिनीवर आहेत की नाहीत ते कळेना. मग मी म्हणायला लागलो, "भिंत. बादली. वजनकाटा. कॅलेंडर. चप्पल."

माळीभाऊंनी माझा दंड धरला. "काय म्हणताय?"

"काही नाही," मी म्हणालो. "शशी म्हणायची."

दुपारी रंगरावदादा आले. शशीचे चुलतभाऊ. शशी सात वर्षांची असताना तिचे वडील वारले. तेव्हापासून ती आणि तिची आई जतकडच्या गावात चुलत्यांच्या घरी राहिल्या. सख्खा भाऊ तिला नव्हता. रंगराव तिच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. आमचं लग्न त्यांनीच लावून दिलं. गावात सोसायटीचे चेअरमन, बोलके, कुणाच्याही अडचणीला धावून जाणारे. आल्याबरोबर त्यांनी मला मिठी मारली.

"दाजी, तुम्ही बसा. मी हाय."

लाकडं, बामण, सारिकाला पुण्याहून आणायला गाडी, सगळं त्यांनी बघितलं. सवाष्ण बाई गेली की अंगावर माहेरची साडी घालतात. त्यांनी जतहून येतानाच हिरवी साडी आणली होती. बायकांनी ती घ्यायला हात पुढं केला, तेव्हा मीच म्हणालो, "दादा, तुमच्या हातानं घाला. तिला माहेर म्हणजे तुम्हीच."

त्यांनी घडी मोडली आणि तिच्या अंगावर साडी घातली.

हे होऊन सात वर्षं झाली. मी बोलायला कच्चा माणूस आहे आणि लिहायला त्याहून कच्चा. पण जे सांगायचं आहे ते त्या दिवसाचं नाही. त्याच्या साडेतीन वर्षं आधीच्या एका गुरुवारचं आहे.

सारिकाचं लग्न वैशाखात झालं. आमच्यात मामानं नवरीला हाताला धरून बोहल्यावर आणायचं असतं. रंगरावदादा फेटा बांधून सारिकाच्या खोलीत गेले आणि तिला घेऊन बाहेर आले. शशी मंडपात माझ्या शेजारी उभी होती. तिनं ते बघितलं आणि तिचा श्वास अडकला. तोंड उघडं, हात गळ्यावर, आवाज नाही. बायकांनी तिला आत नेऊन वारा घातला. मंगलाष्टका तिनं ऐकल्याच नाहीत.

अशी धाप तिला आधीही लागायची. दिवाळी जवळ आली की हमखास. मी म्हणायचो, तळणीचा धूर लागतो हिला. एका वर्षी फराळ विकत आणला तरी लागली. रात्री स्वयंपाकघरातला दिवा ती कधी विझवू देत नसे आणि मागच्या दाराची कडी दोनदा बघून येई. माहेरी गेली तरी मुक्काम करत नसे, सारिकाला घेऊन त्याच दिवशी परत. पहिलं बाळंतपणसुद्धा माहेरी केलं नाही. माझ्या आईचे पाय धरून म्हणाली होती, "इथंच करा, मी लवकर कामाला लागते." आईला त्याचं फार कौतुक वाटलं. सून सासरी रमली म्हणून.

लग्नातल्या प्रकारानंतर मी तिला सांगलीला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. सगळ्या तपासण्या केल्या. काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, "हृदय ठीक आहे. हा भीतीचा झटका आहे. यांना बोलायची गरज आहे." आणि त्यांनी एका संस्थेचा पत्ता दिला. तिथं बायकांसाठी दर गुरुवारी समुपदेशन चालायचं.

"येडी झाली म्हणतील लोक," शशी म्हणाली.

"दाताच्या डॉक्टरकडे जातो म्हणून सांगू."

"दर गुरुवारी?"

"दात बत्तीस असतात," मी म्हणालो.

ती हसली. मग आम्ही खरंच तसं सांगितलं. महिन्याभरानं माळीवहिनी गेटात उभ्या राहून म्हणाल्या, "शशीताई, आता किती राहिलेत ओ तोंडात? आमाला बी कवळी दाखवा की एकदा."

ते केंद्र म्हणजे एका जुन्या बंगल्याच्या दोन खोल्या होत्या. बाहेर व्हरांडा आणि व्हरांड्यात एक लोखंडी बाक. पहिल्या दिवशी तांबोळी मॅडम दारातच भेटल्या. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, आवाज हळू.

"तुम्ही बाहेर थांबायचं," त्या मला म्हणाल्या. "आत जे बोललं जाईल ते आतच राहील. मी तुम्हालाही सांगणार नाही. उद्या तुम्ही कितीही विचारलंत तरी. चालेल ना?"

"चालेल. पण बरी होईल का?"

"वेळ लागेल. तुम्ही घेऊन येत राहा."

घेऊन येणं हे मला जमण्यासारखं होतं. गुरुवारी दुकान बंद ठेवायचं, सकाळच्या एसटीनं सांगली, अकरा ते बारा बाकावर बसायचं आणि परत. पहिले तीन गुरुवार ती बाहेर यायची ती रंग गेलेल्या कापडासारखी. एसटीत खिडकीला डोकं लावून बसायची. चौथ्या गुरुवारी स्टँडवर म्हणाली, "भडंग घ्या की."

मी दोन पुड्या घेतल्या. तिनं स्वतःची संपवली आणि माझ्यातलीही खाल्ली. मी घरी येऊन सारिकाला फोन केला, "आईनं आज भडंग खाल्लं." सारिका म्हणाली, "पप्पा, ही काय बातमी आहे?" पण ती होती.

मॅडमनी तिला एक शिकवलं होतं. छातीत धडधड सुरू झाली की पाय जमिनीवर टेकवायचे आणि समोर दिसणाऱ्या पाच गोष्टींची नावं मोठ्यानं घ्यायची. ती घरात करायची. भाजी चिरता चिरता थांबायची आणि म्हणायची, "भिंत. कॅलेंडर. डबा. घड्याळ. तुमची चप्पल."

"चप्पल दाराबाहेर असती," मी म्हणायचो.

"असती, पण तुम्ही काढता का बाहेर?"

मग मीही तिच्याबरोबर म्हणायला लागलो. ती पाच म्हणायची, मी सहावं सांगायचो. दोन महिन्यांनी एका सकाळी मी उठलो तर स्वयंपाकघरातला दिवा बंद होता. तिनं स्वतः बंद केला होता. मी त्याबद्दल काही बोललो नाही, बोललो तर परत लावील असं वाटलं.

अकराव्या गुरुवारी ती बाहेर आली तेव्हा तांबोळी मॅडमही तिच्यामागून आल्या.

"पुढच्या गुरुवारी शेवटची पंधरा मिनिटं घरच्या माणसानं आत बसायचं आहे," त्या म्हणाल्या. "शशिकलाताईंना काही सांगायचं आहे. त्यांनी ठरवलंय. तुम्ही याल ना?"

"मी?" मी म्हणालो. "मी काय करायचं?"

"काही नाही. ऐकायचं. मधे बोलायचं नाही आणि त्या थांबल्या तरी घाई करायची नाही."

एसटीत मी तिला विचारलं, "काय सांगायचं आहे?"

"तिथंच सांगीन."

"घरी सांग की. मी कुठं जातोय?"

"घरी न्हाई सांगता येणार. तिथं सांगता येईल." तिनं पुडीतला शेंगदाणा शोधून मला दिला. "तुम्ही रागवायचं नाही."

"कुणावर?"

"कुणावरच नाही. आधी ऐकायचं."

त्या आठवड्यात मला कामात गोडी लागली नाही. एका मोटारीत वेढे कमी भरले, गिऱ्हाईक परत घेऊन आलं. मी एकच विचार करत होतो. पस्तीस वर्षं होत आली लग्नाला आणि बायकोला नवऱ्याला काहीतरी सांगायला परक्या बाईची खोली लागते. ते माझ्याबद्दलच असणार. मी तिला कधी मारलं नाही, पण आई होती तोवर आईपुढं तिची बाजूही घेतली नाही. एकदा ताट फेकलं होतं. ते सगळं निघणार असं मी धरून चाललो.

आमच्याकडे नवराबायकोत काही मोठं बोलायचं झालं की मुलीकडचा कर्ता माणूस बोलावतात. एकट्या बाईला बसवून बोलत नाहीत. तिच्या पाठीला माहेर असावं लागतं. माझ्या बहिणीच्या वेळी मी आणि वडील असेच गेलो होतो. मला वाटलं, शशीला जर माझी तक्रार सांगायची असेल तर तिच्या बाजूनं कुणी असलं पाहिजे. मग मला बरंच वाटलं. आपण योग्य वागतोय असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर मला एकट्याला त्या खोलीत बसायची भीतीही वाटत होती.

मी रंगरावदादांना फोन केला.

"शशीला काही सांगायचंय म्हणते. तिथं, मॅडमच्या समोर. तुम्ही आलात तर तिला आधार होईल."

मला वाटलं फोन कट झाला.

"दादा?"

"मॅडमसमोर म्हणती?"

"होय. घरी सांगता येत नाही म्हणाली."

"कशाबद्दल?"

"तेच तर कळत नाही. माझ्याबद्दल असंल."

"येतो मी," ते म्हणाले. "गुरुवारी सोसायटीची मीटिंग हाय, ती पुढं ढकलतो. तिला सांगू नका मी येणार म्हणून. उगंच म्हणंल दादाला तरास."

मीही तेच म्हणणार होतो. फोन ठेवला आणि मनात म्हणालो, सख्खा भाऊ तरी एवढा धावून येईल का?

त्या गुरुवारी शशीनं आंबा रंगाची साडी नेसली. ती सारिकाच्या साखरपुड्याला घेतलेली. मी म्हटलं, "दाताच्या डॉक्टरला एवढी साडी?" ती म्हणाली, "आज शेवटचा दात हाय." एसटीत तिनं माझ्या हातावर हात ठेवला. आमच्यात एसटीत तसं करत नाहीत. तासगाव जाईपर्यंत तिनं तो काढला नाही.

अकराला ती आत गेली. साडेअकराला गेटाशी जीप थांबली. पांढरा सदरा, पांढरी विजार, हातात गुळाची ढेप. रंगरावदादा बाकावर माझ्या शेजारी बसले आणि त्यांनी बंद दाराकडे बघितलं.

"हितं काय करत्यात?"

"बोलतात."

"नुसतं?"

"नुसतं."

"आमच्याकडच्या बायका फुकट बोलत्यात ओ दाजी, थांबवायला पैसं द्यावं लागत्यात." ते हसले, मीही हसलो. मग त्यांनी सुपारी काढली, पण कातरली नाही. "सगळं बोलत्यात व्हय? ल्हानपणापास्नं?"

"आपल्याला काय माहीत? आतलं आत राहतं म्हणतात."

"आत राहतं," ते म्हणाले आणि त्यांनी सुपारी परत खिशात ठेवली.

पावणेबाराला दार उघडलं. शशी स्वतः मला बोलवायला आली होती. तिचा चेहरा धुतल्यासारखा होता. "अहो, या आ—"

तिनं बाकाकडे बघितलं.

"काय गं शशे," रंगरावदादा उठले. "काय सांगायचंय म्हणं? सांग की. म्या बी ऐकतो."

ती त्यांच्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. माझ्याकडे तिनं आधी कधी तसं बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही. तिनं पाय जमिनीवर नीट टेकवले. मी ते बघितलं. दोन्ही पाय, चपला नव्हत्या.

"बाक," ती म्हणाली.

मी वाट बघितली. भिंत होती, झाड होतं, जीप होती. मी मनात तिच्यासाठी म्हणत होतो. तिला दुसरं काही सापडलं नाही.

मग ती आमच्या दोघांच्या मधून पायऱ्या उतरली आणि गेटाकडे चालायला लागली. चपला व्हरांड्यातच राहिल्या. मी त्या हातात घेतल्या.

"शशिकलाताई?" मॅडम दारात आल्या. त्यांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग आम्हा दोघांकडे. रंगरावदादांनी हात जोडले. मी म्हणालो, "तिचं डोकं दुखत असेल. येतो आम्ही पुढच्या वेळी."

आम्ही जीपमधून विट्याला आलो. एसटीपेक्षा बरं, म्हणून मीच कबूल केलं. ती मागच्या सीटवर बसली. दादा वाटेत द्राक्षबागांबद्दल बोलत होते. घरी आल्यावर तिनं पिठलं भाकरी केली, दादांना वाढलं. ते जेवले. जाताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जिवाला लावून घिऊ नगं. झालं गेलं लोक इसारत्यात." मला वाटलं ते माझ्या वतीनं बोलतायत.

संध्याकाळी मी तिला विचारलं, "काय सांगायचं होतं?"

"काही नाही."

"माझ्याबद्दल होतं का? असलं तर सांग. मी ऐकतो."

ती भांडी घासत होती. "तुमच्याबद्दल काय असणार?" मग म्हणाली, "दादा येणार ते तुम्ही सांगितलं नव्हतंत."

"तुला बरं वाटावं म्हणून. तुझ्या बाजूनं कुणी तरी—"

तिनं नळ बंद केला. "होय," ती म्हणाली. "तुम्ही माझ्यासाठीच केलं." आणि पातेलं पालथं घातलं.

पुढच्या गुरुवारी मी तयार होऊन बसलो. ती निवांत तांदूळ निवडत होती.

"एसटी जाईल," मी म्हणालो.

"झाले की दात बरे."

मॅडमचे दोन फोन आले. तिनं घेतले नाहीत. तिसरा मी घेतला आणि म्हणालो, "बरी आहे ती आता. गरज पडली तर येऊ." मॅडम म्हणाल्या, "त्यांना एकदा माझ्याशी बोलू द्या." मी शशीला विचारलं, तिनं मान हलवली. "नको म्हणते," मी सांगितलं.

तीन आठवड्यांनी भाऊबीज आली. दरवर्षी ओवाळताना तिच्या हातातलं ताट थरथरायचं, निरांजनाची ज्योत हलायची. मी तिच्या कोपराला हात लावून ताट सावरायचो. दादा म्हणायचे, "आमच्या भणीला काय खायला घालता का न्हाई दाजी? मोटारीला तेवढी तार घालता." त्या वर्षी ताट हललं नाही. ती पाटासमोर उभी राहिली, ओवाळलं, आत गेली. मी माळीभाऊंना म्हणालो, उपचाराचा गुण आला.

स्वयंपाकघरातला दिवा पुन्हा रात्रभर जळायला लागला. पाच गोष्टींची नावं मी तिच्या तोंडून परत ऐकली नाहीत. भिंत, कॅलेंडर, डबा, मी सुरुवात करून बघायचो. ती म्हणायची, "पोर झालात का?" अशी साडेतीन वर्षं गेली. आणि मग तो फोन.

तेरावा झाला, पाहुणे गेले, सारिका तिच्या दोन वर्षांच्या मुलीला घेऊन पुण्याला गेली. गुरुवार होता. मला काही सुचेना, म्हणून मी सांगलीची एसटी धरली. मॅडमना कळवायला पाहिजे, एवढंच मनात होतं. अकराला पोचलो आणि बाकावर बसलो. बाक तोच होता, रंग नवा होता.

बाराला बायका बाहेर पडल्या. मॅडमनी मला ओळखलं. आत नेलं. साडेतीन वर्षांपूर्वी ज्या खोलीत जायचं राहिलं होतं ती मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. सतरंजी, सहा खुर्च्या, एक पाण्याचा माठ. बाकी काही नाही.

मी सांगितलं. त्यांनी माठातलं पाणी दिलं.

"मॅडम, तिला काय सांगायचं होतं?"

"ते मी सांगू शकत नाही. पहिल्या दिवशी बोलले होते."

"ती गेली आता."

"तरीही. ते त्यांचं आहे."

"मी नवरा आहे तिचा. माझ्याबद्दल होतं का, तेवढं तरी सांगा. मला झोप नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. काही सांगावं की नाही असा विचार करत असाव्यात. मग त्यांनीच विचारलं, "त्या दिवशी बाकावर तुमच्याबरोबर कोण होतं?"

"तिचा भाऊ. चुलतभाऊ, पण सख्ख्यासारखा. मी बोलावून आणला होता. तिला आधार व्हावा म्हणून."

त्यांच्या हातात पेन होतं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं. खिडकीकडे तोंड केलं. मी त्यांची पाठ बघत बसलो.

"तुम्ही आणलंत," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, नुसतंच म्हणाल्या.

"होय."

"हणमंतराव, घरात लहान मुलगी आहे का कुणी?"

"सारिकाची आहे. दोन वर्षांची."

त्या वळल्या. "तिला सुट्टीत तुमच्या घरी येऊ द्या," त्या म्हणाल्या. "तुमच्याच घरी. दुसरीकडे कुठं नाही. त्या घरी तर नाहीच. एवढंच मी बोलू शकते."

विचारायला काही राहिलं नव्हतं. मला मंडप दिसला. मला कोपराला हात लावून सावरलेलं ताट दिसलं, चौतीस वर्षांचं. मला हिरवी साडी दिसली, आणि मी कुणाच्या हातानं घाला म्हणालो होतो ते.

"मला माहीत नव्हतं," मी म्हणालो.

"त्या तेच म्हणायच्या," मॅडम म्हणाल्या. "यांना माहीत नाही. सांगितलं की यांना कळेल, असं म्हणायच्या." तेवढंही त्यांना बोलायचं नसावं.

मी रंगरावांच्या गावी एकदा गेलो. जाताना सगळं ठरवलं होतं. ते अंगणात खाटेवर बसले होते. "या दाजी. शशी गेली आनि तुम्ही आमाला तोडलं." त्यांनी आत चहा सांगितला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. काय म्हणणार होतो? काय झालं ते मला कुणी सांगितलेलं नाही. जिला माहीत होतं ती नाही. जिला सांगितलं ती बोलत नाही. माझ्याजवळ एका बाईनं टेबलावर ठेवलेलं पेन आहे, दुसरं काही नाही. चहा आला. मी तो प्यायलो आणि परत आलो.

सात वर्षं मी कारणं काढतोय. दर मे महिन्यात सारिकाच्या मुलीला, आमच्या विभाला, मी स्वतः पुण्याहून घेऊन येतो आणि स्वतः सोडतो. सारिका म्हणते, "पप्पा, मामाकडे दोन दिवस जाऊ दे की, तिथं विहीर आहे, म्हशी आहेत." मी म्हणतो रस्ता खराब आहे, तिथं साप निघतात, विभाला ऊन बाधतं. सारिका जावयांना म्हणाली, पप्पा आई गेल्यापासून विचित्र वागायला लागलेत. मामाचं नाव काढलं की तोंड फिरवतात. ज्या माणसानं आईसाठी एवढं केलं.

या रविवारी रंगरावांची पंचाहत्तरी आहे. गावात मांडव घातलाय, सत्कार आहे. सारिकाचा फोन आला होता. शनिवारीच मुक्कामाला जाणार आहेत, विभा स्टेजवर नाच करणार आहे, मामानं तिच्यासाठी परकर पोलकं शिवून घेतलंय. "तुमचे गुडघे दुखत असतील तर राहा तुम्ही घरी," सारिका म्हणाली, "आम्ही जातो. विभा आता नऊ वर्षांची आहे, उन्हानं वितळत नाही."

शशी पंधरा मिनिटांत सांगणार होती. ते मला कुठल्या शब्दांत सांगायचं ते येत नाही, आणि ते माझं सांगायचं आहे का तेही मला कळत नाही. फोन समोर आहे. भिंत, घड्याळ, तिचा फोटो, माझी चप्पल.

आज गुरुवार आहे. सारिकाला मी अजून काही सांगितलेलं नाही.